काकीचा डालर

आमच्या गावात नाणं पारखायला कुणी शिकलेलं माणूस लागत नसे. राणीछाप रुपया हातात आला की तो ओटीच्या दगडी पायरीवर टाकायचा. खणखणला तर खरा, बदकन वाजला तर खोटा. तरीही शंका राहिली तर नाणं आमच्या ओटीवर यायचं, कारण माझा आजा सोनार होता. खाडीच्या काठावर आमचं घर, पुढच्या पडवीत त्याची बैठक. शेगडी, फुंकणी, काळी कुळकुळीत कसोटी, तेजाबाची बुचाची बाटली, पितळी तराजू आणि लाल गुंजांनी भरलेली लाकडी डबी. आजा नाणं आधी तळहातावर घ्यायचा, डोळे मिटायचा आणि मग तराजूत टाकायचा. "आवाज फसवीत नाय," तो म्हणायचा, "पण आवाज सगळं सांगत पण नाय."

त्याच्याकडे नाना तऱ्हेची नाणी येत. राणीछाप आणि राजाछाप रुपये, तांब्याच्या शिवराया, गळ्यातल्या पुतळ्या. १९४० नंतरच्या रुपयात चांदी निम्मीच उरली होती आणि १९४७ साली तीही गेली. निम्म्या चांदीचा रुपया पूर्ण चांदीचा म्हणून खपवायला आलेले लोक मी लहानपणी पाहिलेत. आजा त्यांना खोटं म्हणत नसे. "ह्यो पन सरकारचाच, पन पातळ केलेला," एवढंच बोलायचा. ताकाला बोलावं तसं.

पण आमच्या पट्टीत एक वेगळंही नाणं होतं. त्याला सगळे 'डालर' म्हणत. रुपयापेक्षा दुपटीहून जड, तळहात भरून टाकणारं. हे डालर खलाशांच्या घरांत असत. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची माणसं मुंबईला जाऊन आगबोटींवर चढायची. कुणी एडनला, कुणी सिंगापूरला, कुणी हाँगकाँगला. परतताना चिनी बरणी, रेशमाचा तागा आणि कमरेच्या कशात एखादा डालर. गावाच्या लेखी सगळे डालर सारखेच. पण ते सारखे नव्हते. एडनकडून आलेल्यावर एका धिप्पाड बाईचं चित्र असे. ती ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा. ती १७८० साली वारली आणि तिच्या नाण्यावरचं सालही तिथंच थांबलं. पुढं जगभर कुठंही पाडलं तरी साल १७८०च. आपल्या मुंबईच्या टांकसाळीनंसुद्धा १९४०-४१ च्या सुमाराला ते पाडलं. म्हणजे 'सतराशे ऐंशीचा डालर आहे' म्हणून कुणी छाती फुगवली तरी तो त्याच्या बापापेक्षा लहान असू शकतो.

पूर्वेकडून आलेला डालर मात्र वेगळा. त्याच्यावर पुरुषाचं तोंड, मागं दोन खांब. काकीच्या घरातला डालर त्यातला.

काकी म्हणजे आमच्या वाडीच्या टोकाला राहणारी, नात्यानं कुणी नाही, पण आम्ही सगळे तिला काकीच म्हणत आलो. तिच्या आजेसासऱ्यानं तो डालर चीनच्या बाजूनं आणला असं घरात सांगत. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला तो ताटात ठेवत. बाकी वर्षभर बिस्किटाच्या डब्यात, कापडात गुंडाळून. पोरवयात आम्ही तो बघायला म्हणून मुद्दाम जायचो. काकी हातात देत नसे, ताटातच बघायचा. राजाचं लांब नाक आणि त्याच्या कानामागं ठोकलेली कावळ्याच्या पायासारखी खूण मला आजही आठवते.

दहा-बारा वर्षांपूर्वी काकीच्या घरात वाटणीचं निघालं. दोघं मुलगे. थोरला गावात, होडीवर. धाकटा मुंबईत, गोदीत नोकरीला. जागा, कलमं, होडी यांचं कसंबसं जुळलं. राहिला डालर. धाकट्याला कुणी फोनवर सांगितलं होतं की असल्या नाण्याला चार लाख येतात, बाहेरदेशी पाठवायची सोय आम्हीच करू. त्यानं डालर मुंबईला नेला. एका सराफाकडं यंत्राखाली धरला. यंत्रानं सांगितलं, चांदी एकोणनव्वद टक्के आणि वर थोडी. धाकट्यानं मोबाइलवर वाचलं होतं की स्पेनच्या डालरात चांदी ब्याण्णव टक्क्यांच्या आसपास असते. शिवाय नाण्यावर नाव होतं चौथ्या कार्लोस राजाचं, साल १७९०, आणि मोबाइलवरच्या चौथ्या कार्लोसचं तोंड काही या नाण्यावरच्या तोंडाशी जुळेना.

त्यानं हिशेब केला. चांदी कमी, तोंड दुसऱ्याचं, म्हणजे नाणं बनावट. घरातलं नाणं तर पिढ्यांचं. मग खरं गेलं कुठं? डब्याची किल्ली इतकी वर्षं थोरल्याकडं.

तो रातराणीनं गावात आला आणि अंगणात उभं राहून हे सगळं बोलला. पोलिसांत जाईन म्हणाला. थोरला काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो होडीवरच जेवायला लागला. बायको डबा घेऊन बंदरावर जायची.

काकी संध्याकाळी आमच्या ओटीवर आली. पदरातून डालर काढून माझ्यासमोर ठेवला.

"बाबू, तू सोनाराचा. तुजा आजा नुसता हातात घेवन सांगायचा. माका पैशे नको रे. माजा थोरला चोर हाय का, तवडा सांग."

मी सोनारकी केली नाही. तालुक्याच्या गावी शाळेत मास्तरकी केली. पण आजाचा तराजू, गुंजा आणि वह्या माझ्याकडं आल्या आणि त्यांच्याबरोबर नाण्यांचं वेडही आलं. मिळेल ते वाचलं. नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांचा अभ्यास करणारी संस्था आहे, तिथं जाऊन आलो. डालर दिसला की त्याच्या मागं लागायचो. त्यामुळं मी काकीला म्हटलं, "काकी, दोन दिवस राहू दे माझ्याकडं. धाकट्यालापण थांबायला सांग."

आता या नाण्याची थोडी हकीकत सांगायला हवी, कारण भांडणाची गाठ तिथंच होती.

स्पेनच्या लोकांनी अमेरिका जिंकली आणि त्यांना तिथं चांदीचे डोंगर सापडले. आजच्या बोलिव्हियातला पोटोसीचा डोंगर १५४५ साली हाती लागला. मेक्सिकोत टांकसाळ तर १५३६ पासूनच होती. त्या चांदीचं नाणं पाडलं, त्याचं नाव 'आठ रियाल'. म्हणजे एका मोठ्या नाण्याचे आठ रियाल व्हायचे. हेच नाणं इंग्रजांच्या तोंडी 'डॉलर' झालं. अमेरिकेतल्या संस्थानांचा स्वतःचा डॉलर निघाल्यावरही हे स्पेनचं नाणं तिथं १८५७ पर्यंत कायदेशीर चालत होतं. मेक्सिकोच्या अकापुल्को बंदरातून ते जहाजानं फिलिपिन्समधल्या मनिलाला जायचं आणि तिथून रेशीम, चिनी मातीची भांडी घ्यायला चीनमध्ये. दुसऱ्या बाजूनं युरोपातून इंग्रज आणि डच जहाजं हेच रियाल भरून सुरतेला यायची. मोगली मुलखात परकं नाणं तसंच चालत नसे. ते टांकसाळीत जायचं, वितळायचं आणि रुपया होऊन बाहेर पडायचं. म्हणजे आपल्या जुन्या रुपयांत पोटोसी आणि मेक्सिकोची चांदी मिसळलेली आहे, फक्त तिला आता तोंड उरलेलं नाही. काकीचा डालर वितळण्यातून वाचला, कारण तो पूर्वेकडून फिरून आला.

नाणं ओळखायचं तर आधी ते कुठल्या मेळातलं हे बघावं लागतं. सुरुवातीचे रियाल हातानं, हातोडीनं पाडलेले. वेडेवाकडे, कडा तुटक्या, जणू कुणी भाकरी चुकीची थापली. त्यांच्यावर अक्षरं अर्धीच उमटायची. मग १७३२ पासून मेक्सिकोत यंत्रावर गोल नाणी निघाली. त्यांच्यावर राजाचं तोंड नाही. एका बाजूला दोन खांब आणि मध्ये पृथ्वीचे दोन गोलार्ध, एकमेकांवर सरकलेले, खाली समुद्राच्या लाटा. हे खांब म्हणजे जिब्राल्टरचं तोंड, जुन्या लोकांच्या लेखी जगाची वेस. त्यांच्यावरच्या फितीवर लिहिलेलं असतं 'प्लुस उल्त्रा', म्हणजे याच्याही पलीकडे. १७७२ पासून नाण्यावर राजाचं तोंड आलं आणि खांब मागच्या बाजूला, ढालीच्या दोन्ही अंगांना गेले. काकीचा डालर या तिसऱ्या मेळातला.

मी आधी लोहचुंबक लावला. आता बाजारात जत्रेत मिळतात त्या नकला पुष्कळदा लोखंडाच्या असतात आणि चुंबकाला चिकटतात. हा चिकटला नाही. त्यानं खरं ठरत नाही, फक्त एक खोटेपणा वजा होतो.

मग वजन. टांकसाळीतून नवा बाहेर पडलेला आठ रियाल २७ ग्रॅमला किंचित जास्त, साधारण २७.०६ ग्रॅम असतो. हाताळून झिजतो, पण किती? चांगला हाताळलेलाही अर्धा-पाऊण ग्रॅम घटतो, दोन-तीन ग्रॅम नाही. बनावट नाणी बहुधा इथंच पडतात. वीस-बावीस ग्रॅमची निघतात. काकीचा डालर काट्यावर भरला २६.६ ग्रॅम.

वजन जुळवून खोटं नाणं करणारेही असतात. ते जाडी वाढवतात. म्हणून पाण्याची परीक्षा. काट्यावर पाण्याचा पेला ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा आणि नाणं दोऱ्यानं पाण्यात अधांतरी सोडायचं. तळाला, काठाला लागू द्यायचं नाही. काटा जितका वर जाईल तितकं पाणी नाण्यानं बाजूला सारलं. काटा गेला २.५८ ग्रॅमवर. २६.६ ला २.५८ नं भागलं की येतं १०.३. शुद्ध चांदीचा हा आकडा साडेदहाच्या जवळ, तांब्याचा नऊच्या जवळ. नव्वद टक्क्यांच्या आसपास चांदी आणि बाकी तांबं असेल तर १०.३ च यायला हवा. पितळ किंवा जर्मन सिल्व्हर असतं तर काटा तीनच्या वर गेला असता. यात नाण्याला ओरखडासुद्धा येत नाही. आजाची कसोटी आणि तेजाब सोन्यासाठी ठीक, पण जुन्या नाण्यावर कानस मारली की त्याची निम्मी किंमत तिथंच घासून जाते.

मग कड. ही जागा बनावट करणाऱ्यांना जड जाते. या मेळातल्या डालराच्या कडेवर गोल आणि चौकट, गोल आणि चौकट अशी नक्षी असते. ती दोन पट्ट्यांमध्ये नाणं फिरवून उमटवलेली. प्रत्येक पट्टी अर्धा घेर करायची. त्यामुळं समोरासमोर दोन ठिकाणी नक्षी एकावर एक चढते, गोलावर गोल बसतो, चौकट चिंबते. ओतीव नकलेत तिथं असा गोंधळ नसतो. त्याऐवजी कडेवर मधोमध एक सरळ रेघ दिसते, दोन साचे जुळवल्याची. मी भिंग घेऊन सावकाश कड फिरवली. एका जागी चिंबलेली नक्षी, बरोबर तिच्या समोर दुसरी. रेघ कुठंच नाही.

मग अक्षरं. ढालीच्या बाजूला गोलाकार लिहिलेलं असतं, 'हिस्पान एत इंद रेक्स', म्हणजे स्पेनचा आणि इंडीजचा राजा. हे इंडीज म्हणजे आपण नव्हे, त्यांची अमेरिका. त्यापुढं टांकसाळीची खूण. इंग्रजी एम आणि त्याच्या डोक्यावर बारका ओ असेल तर मेक्सिको. पी, टी, एस, आय ही अक्षरं एकात एक अडकवलेली असतील तर पोटोसी. एल आणि एम ची गुंतवळ असेल तर पेरूतलं लिमा. मग ८ चा आकडा आणि शेवटी पारख्यांची अक्षरं. दर टांकसाळीत पारखी असत आणि चांदी चोख असल्याची हमी म्हणून त्यांच्या नावाची आद्याक्षरं प्रत्येक नाण्यावर पडत. कुठले पारखी कुठल्या साली होते हे ठाऊक आहे. मेक्सिकोच्या १७९० च्या नाण्यावर एफ आणि एम असायला हवीत. काकीच्या डालरावर तीच होती. पुष्कळ नकलांत लिमाची खूण आणि मेक्सिकोचे पारखी असा संसार मांडलेला सापडतो.

ही अक्षरं नुसती शोभेची नव्हती. १६४९ च्या सुमाराला पोटोसीच्या टांकसाळीत चांदीत तांबं वाढवून नाणी पाडल्याचं उघडकीला आलं. राजानं तपासनीस पाठवला. टांकसाळीला चांदी पुरवणारा गबर धनी फ्रान्सिस्को गोमेझ दे ला रोचा आणि पारखी फेलिपे रामिरेझ दे अरेयानो या दोघांना देहदंड झाला. जुन्या नाण्यांची किंमत उतरवली आणि १६५२ पासून नवा छाप आणला, लोकांना कळावं की आता चांदी चोख आहे. दोन अक्षरांमागं माणसाची मान होती, ती अशी.

आता धाकट्याची पहिली शंका. चांदी एकोणनव्वद टक्के आणि थोडी. यंत्र खोटं नव्हतं आणि सराफही खोटा नव्हता. स्पेनच्या राजानं १७२८ साली नाण्यातली चांदी ९१.७ टक्के ठरवली. धाकट्यानं मोबाइलवर वाचलेला आकडा हाच. पण पुढं खजिन्याला ओढ लागली. १७७२ साली राजाचं तोंड नाण्यावर आलं, त्याच वेळी गुपचूप हुकूम निघाला आणि चांदी ९०.३ टक्क्यांवर आणली. १७८६ साली आणखी गुपचूप, ८९.६ टक्के. वजन तेच, आकार तोच, तोंड देखणं. लोकांना सांगितलंच नाही. पोटोसीच्या पारख्यानं तांबं मिसळलं तर त्याची मान गेली, तेच राजानं केलं तर त्याला हुकूम म्हणतात. १७९० च्या मेक्सिकोच्या डालरात ८९.६ टक्केच चांदी असायला हवी. ब्याण्णव टक्के निघाली असती तर मलाच शंका आली असती.

दुसरी शंका तोंडाची. तिसरा कार्लोस राजा १७८८ च्या डिसेंबरात वारला. बातमी समुद्र ओलांडून मेक्सिकोला पोचायला वेळ लागला आणि नव्या राजाचं तोंड कोरलेले ठसे यायला त्याहून जास्त. टांकसाळ तर बंद ठेवता येत नाही. मग मेक्सिकोत त्यांनी युक्ती केली. तोंड बापाचंच ठेवलं आणि नाव तेवढं मुलाचं घातलं. १७८९ आणि १७९० या दोन सालांत अशी नाणी निघाली. १७९१ पासून चौथ्या कार्लोसचं स्वतःचं तोंड आलं. काकीच्या डालरावर 'कॅरोलस' पुढं चार उभ्या रेघा होत्या, साल १७९०, आणि तोंड बापाचं. ज्या गोष्टीवरून धाकट्यानं नाणं खोटं ठरवलं, तीच त्याच्या खरेपणाची मोठी साक्ष होती.

राहिल्या त्या ठोकलेल्या खुणा. राजाच्या गालावर एक, मानेवर एक आणि कानामागं ती कावळ्याच्या पायासारखी. चीनमध्ये नाणं मोजून नव्हे, चांदी म्हणून तोलून घेत. सराफ ते पारखायचा आणि आपला ठसा ठोकायचा, की हे मी बघितलंय. दुसऱ्या सराफाकडं गेलं की दुसरा ठसा. काही डालर ठोकून ठोकून वाटीसारखे झालेले असतात. या कामाच्या माणसाला तिथले इंग्रज 'श्रॉफ' म्हणत. म्हणजे आपला सराफच. हाँगकाँगमध्ये पैसे भरायच्या खिडकीवर आजही हा शब्द लिहिलेला असतो. काकीच्या आजेसासऱ्यानं तिकडं तो वाचला असता तर त्याला घरच्यासारखं वाटलं असतं.

नाणं खरं होतं. पण काकीचा प्रश्न तेवढ्यानं सुटत नव्हता. खरा डालर काढून दुसरा खरा डालर ठेवता येतोच की. थोरल्यानं तसं केलं असेल असं मला वाटत नव्हतं, पण वाटणं म्हणजे पुरावा नव्हे. हाच तो डालर, हे कशावरून?

रात्री मी माळ्यावरून आजाच्या वह्या काढल्या. लाल कापडी बांधणीच्या, उभ्या, मोडी आणि बाळबोध मिसळलेल्या अक्षराच्या. गहाणाच्या वह्या वेगळ्या होत्या. काकी लग्न होऊन वाडीत आली ते साल १९५६. त्या वर्षी तिच्या सासऱ्यानं नव्या जाळ्यासाठी पैसे उचलले होते असं ती कधीतरी बोलली होती. काय गहाण टाकलं ते तिला ठाऊक नव्हतं, तेव्हा ती नवी नवरी. कंदिलासारख्या पिवळ्या दिव्याखाली पानं उलटत बसलो. सापडलं. सासऱ्याचं नाव, पुढं 'डालर नग १, वजन २ तोळे ३ मासे ३ गुंज'. आणि बाजूला आजानं बोरूनं एक बारकी खूण काढलेली. तीन फाटे, खाली एक देठ. कावळ्याचा पाय. त्याच्यापुढं 'कानामागे'. गहाण घेतलेली वस्तू बदलली असं उद्या कुणी म्हणू नये, म्हणून तो प्रत्येक डागाची अशी खूण लिहून ठेवायचा. खाली आठ महिन्यांनी 'सोडवला' आणि अंगठा.

मी पाटी घेतली. बारा माशांचा तोळा, आठ गुंजांचा मासा. तीन मासे तीन गुंज म्हणजे सत्तावीस गुंजा, आणि तोळ्याच्या गुंजा शहाण्णव. तोळा ११.६६ ग्रॅमचा धरला तर दोन तोळे होतात २३.३२ आणि सत्तावीस गुंजांचे ३.२८. बेरीज २६.६ ग्रॅम.

आजाला जाऊन चाळीस वर्षं झाली होती. त्याच्या गुंजांनी आणि माझ्या बॅटरीच्या काट्यानं एकच आकडा सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोघा भावांना ओटीवर बोलावलं. थोरला यायला तयार नव्हता. काकी बंदरावर जाऊन त्याला घेऊन आली. मी वही उघडून मध्ये ठेवली, डालर तिच्यावर ठेवला आणि धाकट्याच्या हातात भिंग दिलं. "कानामागं बघ," म्हटलं. त्यानं आधी नाणं बघितलं, मग वही, मग पुन्हा नाणं. मग मी चांदीचं सांगितलं, तोंडाचं सांगितलं. तो मध्येच थांबवून म्हणाला, "म्हंजे तोंड बापाचा आनी नाव पोराचा?"

"होय. ठसा येईस्तोवर बापाच्याच तोंडावर चालवलं त्यांनी."

थोरला खाली बघत होता. त्यानं वहीतल्या अंगठ्यावर बोट ठेवलं. त्याच्या आज्याचा अंगठा. जाळ्यासाठी लावलेला. बाकी काही बोलला नाही. धाकटाही बोलला नाही. काकी मात्र पदर तोंडाला लावून रडली. ती का रडते हे दोघांनाही कळत होतं.

किमतीचंही सांगणं भाग होतं. चार लाख वगैरे काही नाही. ठसे ठोकलेल्या, झिजलेल्या डालराची किंमत हजारांत असते. त्या फोनवाल्याला नाणं पाठवलं असतं तर पैसे नाहीत आणि नाणंही नाही. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांहून जुनं नाणं परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. आमच्या भागात पाया खणताना मडकं सापडलं की लोक गप्प बसतात, त्यांनाही हे ठाऊक असावं की जमिनीत पुरलेलं दहा रुपयांवरचं धन सापडलं तर कलेक्टरला कळवायचा कायदा १८७८ पासून आहे. घरात पिढ्यान्‌पिढ्या आलेल्या नाण्याला तो लागत नाही. पण ते विकताना चिठ्ठी मागून घ्यावी, आणि विकायच्या आधी चिंच, राख, पावडर यांनी घासून चकचकीत करू नये. काळसरपणा हा मळ नसतो, ते त्याचं वय असतं. धाकट्यानं मुंबईत डालर पावडरीनं घासायला काढला होता, बायकोनं हातातून काढून घेतला म्हणून वाचला. ते त्यानंच सांगितलं आणि थोडा हसला. त्या ओटीवरचं पहिलं हसू ते.

वाटणीपत्रात डालर लिहिला नाही. काकीनंच तोडगा काढला. घरचा गणपती दोघांकडं आळीपाळीनं यायचा ठरलं होतं, एक वर्ष गावच्या घरी, एक वर्ष मुंबईला. ज्याच्याकडं गणपती त्याच्याकडं त्या वर्षीच्या लक्ष्मीपूजनाला डालर. दिवाळी झाली की परत काकीच्या डब्यात.

"आनी डब्याची किल्ली?" धाकट्यानं विचारलं.

"थोरल्याकडंच," काकी म्हणाली.

धाकट्यानं मान हलवली. माफी वगैरे आमच्याकडं तोंडानं मागत नाहीत. त्या संध्याकाळी तो भावाबरोबर होडीवर गेला आणि पहाटे दोघं परतले तेव्हा आमच्या दारात बांगड्यांची पाटी आली. भाऊबंद कोण कोण जेवायला होते ते आता आठवत नाही, पण बांगडे पुष्कळ होते.

काकी आता नाही. वही मी थोरल्याला दिली. म्हटलं, डालराबरोबर तीही डब्यात ठेव. पुढं तुमच्या पोरांत कुणी विचारलं, तर सांगायला तोंड नसेल, अक्षर असेल.